कुत्र्याला शिकवणार कोण?

नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. गाव मागे पडले की दोन्ही अंगांना ज्वारीची राने, मधूनच खुरट्या गवताचे माळ आणि त्या माळांवर मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. कळपाबरोबर एखाद-दुसरे कुत्रे असतेच. दिवसा ते विशेष काही करताना दिसत नाही. मेंढ्यांच्या मागेपुढे चालते, सावली सापडली की अंग टाकते. रात्री मेंढ्या वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडल्या गेल्या की त्याचे खरे काम सुरू होते. लांडग्याची चाहूल लागताच भुंकून सारा वाडा जागा करायचा, परका माणूस जवळ येऊ द्यायचा नाही आणि कोकराच्या केसालाही धक्का लावायचा नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याला हे कोणी शिकवले असे विचारले, तर धनगराला त्या प्रश्नाचेच नवल वाटेल. पिल्लू कळपात जन्मले, कोकरांच्या अंगाला अंग लावून झोपले, थोरल्या कुत्र्यांच्या मागे हिंडले. त्याची शाळा झाली ती एवढीच. ज्या खंडोबाला धनगर मानतात त्याच्या सोबतही कुत्रा असतोच. पण त्या कुत्र्यासाठी शिक्षक नेमल्याची कथा कोठे नाही.

त्याच गावाच्या पेठेतील एखाद्या बंगल्यात, किंवा गाव सोडून पुण्याला स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाच्या सहाव्या मजल्यावरील घरात, चित्र अगदी वेगळे असते. तेथे लॅब्रेडॉरचे किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू येते ते आईपासून व भावंडांपासून तुटून. त्याला राखायला कळप नसतो, अनुकरण करायला थोरले कुत्रे नसते आणि दिवसातील आठ-दहा तास तर घरात माणूसही नसतो. पिल्लू सहा-सात महिन्यांचे होते. चपला, सोफ्याचे कोपरे, विजेच्या वायरी यांचा फडशा पडू लागतो; आल्या-गेल्याच्या अंगावर उड्या पडतात; साखळीला हिसके देऊन आजोबांना रस्त्यावर लोळवण्यापर्यंत मजल जाते. मग घरात ठराव होतो की, याला आता 'ट्रेनर' लावला पाहिजे. आणि येथपासून जो शोध सुरू होतो तो पिल्लू शोधण्याहून कितीतरी अवघड असतो.

अवघड असण्याचे पहिले कारण कायद्यात आहे. किंबहुना कायद्याच्या अभावात आहे. पशुवैद्य हवा असेल तर १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यान्वये त्याची नोंदणी झालेली असावी लागते. कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला २०१७ च्या नियमांनी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई केली. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये निराळे नियम आले. ही सर्व नियमावली १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या छत्राखालची. परंतु घरोघरी जाऊन कुत्री शिकवणाऱ्या प्रशिक्षकासाठी या साऱ्या पसाऱ्यात परवाना नाही, परीक्षा नाही आणि किमान पात्रताही नाही. छापखान्यात जाऊन शंभर कार्डे छापून आणली की माणूस प्रशिक्षक झाला. परदेशातही फार निराळी स्थिती आहे असे नाही. अमेरिकेत २००१ मध्ये प्रशिक्षकांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी एक स्वतंत्र परिषद स्थापन झाली. पण ते प्रमाणपत्र घेणे ऐच्छिक आहे. त्यामुळे भिंतीवर टांगलेल्या चौकटीतील कागद पाहून निर्णय घेण्याची सोय येथे नाही. परीक्षा घ्यायची ती कुत्रे पाळणाऱ्यालाच, आणि तीही त्या विषयातील फारसे काही ठाऊक नसताना.

मग या व्यवसायात येतात कोण? महाराष्ट्रात वर्षानुवर्षे जे दिसत आले त्यात पोलीस किंवा लष्करातील श्वानपथकातून निवृत्त झालेल्यांचा भरणा मोठा आहे. त्यांच्याविषयी वाटणारा आदर अकारण नाही. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर 'झंजीर' नावाच्या लॅब्रेडॉरने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुडकून काढले. पुण्यातील शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण झाले होते. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला तेव्हा पोलीस दलाने त्याला मानवंदना दिली. असे कुत्रे घडवणाऱ्या परंपरेतील माणूस दाराशी आला की गृहस्थ निश्चिंत होतो.

तथापि पोलिसांचे कुत्रे आणि घरचे कुत्रे यांच्यातील फरक ध्यानात घ्यायला हवा. पोलिसांसाठी पिल्लू निवडतानाच त्याची जात, वास घेण्याची ओढ आणि धीटपणा पारखला जातो. जे त्या कामाचे नसते ते बाद होते. उरलेल्याला कामानुसार साधारण सहा ते नऊ महिने, रोज, ठरलेल्या हस्तकाकडून शिकवले जाते. पुढेही बहुधा तोच माणूस त्याच्याबरोबर राहतो आणि काम संपले की कुत्रे केनेलमध्ये जाते. घरच्या कुत्र्याची निवड ही बहुधा मुलांच्या हट्टाने झालेली असते. त्याला बाद करता येत नाही. त्याला एका हस्तकाबरोबर नव्हे, तर पाच-सहा माणसांबरोबर, दूधवाला, मोलकरीण, लिफ्टमधील शेजारी आणि दिवाळीचे फटाके यांच्यासह जगायचे असते. स्फोटके शोधणारे कुत्रे घडवलेल्या माणसाला घाबरट पॉमेरेनियनची भीती घालवता येईलच असे नाही. काहींना ते उत्तम साधते. पण ते त्यांच्या गणवेशातील वर्षांमुळे नव्हे, तर निवृत्तीनंतरही शिकत राहिल्यामुळे. दुसरा गट एखाद्या केनेलवर किंवा जुन्या प्रशिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करून तयार झालेल्यांचा. तिसरा, अलीकडच्या काळात अभ्यासक्रम करून आलेल्या तरुण-तरुणींचा. तिन्ही गटांत चांगले आणि वाईट दोन्ही सापडतात. म्हणून माणूस कोणत्या गटातला यापेक्षा तो कुत्र्याला शिकवतो कसा, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

शिकवण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत आणि त्यांचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे. कॉनराड मोस्ट या जर्मन अधिकाऱ्याचे श्वानप्रशिक्षणावरील पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. पोलिसी आणि लष्करी प्रशिक्षणाची घडी बऱ्याच अंशी त्या वळणाने बसली. गळ्यातील पट्ट्याला झटका, चुकले की शासन, जमले की शाबासकी, असे तिचे स्वरूप. दुसरी रीत प्रयोगशाळेतून आली. एखाद्या कृतीचा परिणाम सुखद झाला की प्राणी ती कृती पुन्हा करतो, हे थॉर्नडाइक यांनी मांडले. स्किनर यांनी त्याचे शास्त्र बनवले आणि १९५१ मध्ये एका लेखात, घरच्या कुत्र्यालाही याच मार्गाने कसे शिकवता येईल, हे सर्वसामान्यांना समजावून सांगितले. १९८० नंतर ही रीत प्रयोगशाळेबाहेर रुळली. तिचे सूत्र सोपे आहे. कुत्र्याने हवे ते केले की त्याच क्षणी त्याला खाऊ, खेळ किंवा कौतुक मिळावे. नको ते केले की त्याला हवे असलेले काही मिळू नये. 'त्याच क्षणी' हे शब्द महत्त्वाचे. बक्षीस काही सेकंद लांबले तरी कुत्रे त्याचा संबंध भलत्याच गोष्टीशी जोडते. संध्याकाळी घरी येऊन सकाळी कुरतडलेल्या चपलेबद्दल मारणे म्हणूनच निरर्थक ठरते. मालक घरी आला की मार मिळतो, एवढाच धडा त्यातून निघतो.

पहिल्या रीतीच्या समर्थनार्थ अजूनही एक वाक्य हमखास ऐकू येते. कुत्रा हा मूळचा लांडगा, लांडग्यांच्या टोळीत एक पुढारी असतो, तेव्हा मालकाने आपण पुढारी आहोत हे दाखवून दिले पाहिजे. कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरणे, त्याच्या ताटलीत हात घालून त्याला चिडवणे, दारातून नेहमी स्वतः आधी जाणे अशा नाना क्लृप्त्या या एका कल्पनेतून निघाल्या. या कल्पनेची जन्मकथा मोठी उद्बोधक आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये जे निरीक्षण नोंदवले ते स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचे होते. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ती मांडणी स्वीकारली आणि ती जगभर पसरली. पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ अनेक उन्हाळे काढल्यावर मेक यांना दिसले ते वेगळेच. लांडग्यांची टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्ले. पुढारीपणासाठी मारामाऱ्या करून तेथे कोणी गादी मिळवत नाही. आईबाप असतात म्हणून ते पुढे असतात. १९९९ मध्ये त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले आणि स्वतःचेच जुने पुस्तक छापणे थांबवावे म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. आपल्याकडील अनेक प्रशिक्षक मात्र अजून १९७० मध्येच आहेत. कर्जतच्या माळावरचे धनगर लांडग्याला कुटुंबवत्सल म्हणणार नाहीत, हे खरे. पण टोळीच्या पुढारीपणाचा हा सिद्धांत त्यांच्याही कामाचा नाही.

मार देऊन शिकवले तर कुत्रे शिकतच नाही असे नव्हे. ते शिकते, आणि पुष्कळदा पटकन शिकते. म्हणूनच ही रीत टिकून आहे. प्रश्न तो शिकताना आणखी काय शिकते, हा आहे. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या प्रशिक्षण-शाळांतील ९२ घरगुती कुत्र्यांची पाहणी केली. शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतील कुत्री धड्यांच्या वेळी अधिक ताणाखाली दिसली. त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले आढळले. प्रशिक्षणाच्या वेळेबाहेरही, समोरच्या भांड्यात खाऊ असेल की नसेल अशी शंका असताना, ती कुत्री अधिक निराशेने वागली. विजेचा झटका देणारा पट्टा वेल्सने २०१० मध्येच कायद्याने बंद केला. आपल्याकडे १९६० च्या कायद्याचे ११ वे कलम प्राण्याला मारणे, लाथाडणे, यातना होतील असे वागवणे हा गुन्हा ठरवते. परंतु पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे तो दहा ते पन्नास रुपयांचा. त्या रकमेचा धाक कोणाला वाटणार?

सगळ्यात घातक शिक्षा कोणती, तर गुरगुरल्याबद्दलची. गुरगुरणे हा उद्धटपणा नव्हे, इशारा आहे. कुत्रे सांगत असते की, मला भीती वाटते आहे, माझ्यापासून दूर हो. हा इशारा मार देऊन बंद पाडला तर भीती जात नाही, फक्त इशारा जातो. मग एके दिवशी घरातील लहान मूल झोपलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पडते आणि 'काही एक न करता अचानक' चावा बसतो. ज्याला 'अचानक' म्हटले जाते त्याच्या मागे कित्येकदा अशी गप्प केलेली गुरगुर असते. प्रशिक्षकाची निवड चुकली तर पैसे जातात ही गोष्ट किरकोळ आहे. घरातील मुलाच्या चेहऱ्यावरचे टाके आणि त्यानंतर दूर नेऊन सोडून दिलेले कुत्रे, ही त्या चुकीची खरी किंमत.

वेळेचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांच्या १९६५ मधील ग्रंथाने दाखवून दिले की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाचे मन जगाशी ओळख करून घेण्यास सर्वाधिक उत्सुक असते. या काळात भेटलेली माणसे, प्राणी आणि ऐकलेले आवाज त्याला पुढे आपले वाटतात. धनगराच्या कुत्र्याचे गूढ येथे उलगडते. त्या आठवड्यांत ते मेंढ्यांत असते, म्हणून जन्मभर ते मेंढ्यांचे होते. शहरातील पिल्लू नेमके याच काळात लसीकरण पूर्ण होईपर्यंत चार भिंतींत बंद असते. पार्व्होसारख्या रोगाची भीती खरी आहे आणि रस्त्यावर मोकाट कुत्री असताना ती अधिकच खरी. पण दोन्ही गोष्टी साधता येतात. पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या अमेरिकी संस्थेने २००८ मध्ये सांगितले की, लसीचा पहिला डोस होऊन आठवडा उलटला की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला सुरक्षित जागी इतरांत मिसळू द्यावे. आपल्याकडे त्याचा अर्थ असा की, पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन बाजारातून हिंडवावे. रिक्षाचा भोंगा, बँडची वाजंत्री, छत्री, हेल्मेट, काठी टेकणारे आजोबा यांची लांबून ओळख करून द्यावी. घरी निरनिराळ्या वयाची माणसे बोलवावीत. या वयात कुत्र्याला प्रशिक्षक लागत नाही. लागलाच तर घरच्यांना सांगण्यापुरता. 'सहा महिने होऊ द्या, मग सुरू करू' असे कोणी सांगितले, तर तो मनुष्य जुन्या वळणाचा आहे हे समजून घ्यावे. सहा महिन्यांनी सुरू करणे फुकट जात नाही, पण तोवर बरेचसे काम दुरुस्तीचे होऊन बसते.

मिरजगावसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण उभी राहते ती अंतराची. नगर शहर सुमारे पन्नास किलोमीटरवर. पुणे त्याहून पुष्कळ लांब. आठवड्यातून तीन वेळा घरी येईल असा माणूस मिळणे कठीण. मग सुचवला जातो तो सोयीचा मार्ग: महिना-दोन महिने कुत्रे आमच्या केनेलवर ठेवा, शिकवून परत देतो. शहरातील व्यग्र कुटुंबांनाही हा मार्ग भुरळ घालतो. त्यातील धोका असा की, केनेलच्या दाराआड काय चालते ते पाहायला घरचे कोणी नसते. दुसरे असे की, कुत्रे जे शिकते ते त्या जागी, त्या माणसाबरोबर. घरी परतल्यावर ते नव्या शिक्षकाचे सारे ऐकेल आणि घरच्यांचे काहीच नाही, असा अनुभव अनेकांना येतो. कुत्र्याच्या लेखी स्वयंपाकघरातले 'बस' आणि मैदानावरचे 'बस' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. प्रत्येक जागी तो धडा नव्याने गिरवावा लागतो. ठेवण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर न कळवता भेट देण्याची मुभा आधी मागून घ्यावी. ती नाकारली गेली की पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

ग्रामीण भागात प्रशिक्षकाकडून नेमके काय शिकवून घ्यायचे, याचा विचारही शहराहून निराळा करावा लागतो. वस्तीवरचे कुत्रे राखणदार म्हणून पाळले जाते आणि ते उग्र व्हावे म्हणून दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राणी बराच काळ बांधून ठेवणे हा ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून आणण्यात मालकाने केलेली हयगय हाही त्याच कलमात गुन्हा आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. आणि ही केवळ दयेची बाब नाही. नगर जिल्ह्याच्याच अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. मिरजगावच्या शेजारच्या आष्टी आणि करमाळा तालुक्यांत २०२० च्या अखेरीस बिबट्याने माणसे मारली. डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात एका बिबट्याला गोळ्या घालण्यात आल्या. अशा मुलखात रात्री अंगणात बांधलेले कुत्रे हे राखणदार नसून भक्ष्य असते, आणि ते बिबट्याला घरापर्यंत आणते. त्याला रात्री आत, दार लावून झोपण्याची सवय लावणे हा येथला पहिला धडा असायला हवा.

दुसरा धडा, हाक मारताच परत येण्याचा. कर्जत तालुक्यातच रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. साहजिकच काळविटे त्याच्या हद्दीत मावत नाहीत. आसपासच्या रानांत चरतात. काळवीट हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी. मोकळे सोडलेले कुत्रे पाडसामागे धावू लागले आणि हाकेला परतले नाही, तर प्रकरण वनखात्यापर्यंत जाऊ शकते.

येथे जातीचा मुद्दा येतो. मुधोळ हाउंड, ज्याला महाराष्ट्रात कारवानी म्हणतात, तो नजरेने शिकार हेरून धावणारा कुत्रा. टपाल खात्याने २००५ मध्ये ज्या चार भारतीय जातींवर तिकिटे काढली त्यांत तो होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जातींचा उल्लेख केल्यानंतर त्याची चर्चा अधिकच वाढली. पळणारी वस्तू दिसली की त्याचे कान बंद होतात, असे म्हटले तरी चालेल. एकच कृती वीस वेळा करून घेणे जर्मन शेफर्डला मानवते, कारवानीला त्याचा कंटाळा येतो. दोघांना एकाच साच्यात शिकवणारा प्रशिक्षक काही दिवसांनी 'हे कुत्रे मठ्ठ आहे' असा निकाल देतो. गावठी कुत्र्याबाबत तर हा निकाल शिकवण्याआधीच दिला जातो. शेकडो पिढ्या माणसाच्या हालचाली वाचून पोट भरणारा हा प्राणी मठ्ठ असता तर टिकलाच नसता. तो अनोळखी माणसाशी बेताने वागतो, आणि त्याचा विश्वास मिळवायला चार दिवस अधिक लागतात, इतकेच.

तेव्हा प्रशिक्षक पारखायचा कसा? फी विचारण्याआधी त्याचा एखादा धडा दुसऱ्या कोणाच्या घरी पाहायला मिळेल का, हे विचारावे. तेथे गेल्यावर माणसाकडे न पाहता कुत्र्याकडे पाहावे. शेपटी पोटाखाली, कान मागे, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, कारण नसताना जांभया, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणे, ही सारी ताणाची लक्षणे आहेत. कुत्रे 'बस' म्हणताच बसत असेल, पण अशा चेहऱ्याने बसत असेल, तर ती शिस्त नव्हे, दहशत आहे. शिकवणारा आत येताना दिसताच कुत्रे आनंदाने पुढे धावते की सोफ्यामागे लपते, एवढे एक निरीक्षणही पुष्कळ सांगून जाते. नंतर त्याला विचारावे: कुत्रे चुकले तर तुम्ही काय करता? उत्तर स्पष्ट मिळाले पाहिजे. 'ते आमच्यावर सोडा' हे उत्तर नव्हे. झोळीतून खिळ्यांचा पट्टा, चोक चेन किंवा विजेचा पट्टा पहिल्याच दिवशी निघाला तर त्याला चहा देऊन निरोप द्यावा. पंधरा दिवसांत हमखास गुण, अशी हमी देणाऱ्यालाही तसेच. जिवंत प्राण्याच्या वागण्याची हमी जाणता माणूस देत नाही.

जाणता प्रशिक्षक उलट स्वतःच प्रश्न विचारतो. पिल्लू कितव्या आठवड्यात आणले, दिवसातून किती चालते, एकटे किती तास असते, घरात मुले किती, चावा घेतला असल्यास कोणाला आणि त्याआधी काय घडले होते. शांत कुत्रे एकाएकी चिडचिडे झाले असेल, तर तो आधी पशुवैद्याकडे पाठवतो. कानातील जंतुसंसर्ग, दुखरा दात, लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये नेहमी आढळणारा खुब्याच्या सांध्याचा दोष, यांवर कोणताही धडा इलाज करू शकत नाही. दुखणाऱ्या जागी हात लागला म्हणून जे कुत्रे चावले त्याला 'आक्रमक' ठरवणे अन्यायाचे आहे.

तो आणखी एक गोष्ट करतो, जी पुष्कळ मालकांना रुचत नाही. साखळी तो मालकाच्या हातात देतो. आठवड्याचे तास १६८. त्यांतले फार तर दीड-दोन तास प्रशिक्षक घरात असतो. उरलेल्या वेळात कुत्रे घरच्यांकडून शिकत राहते, त्यांनी शिकवायचे ठरवलेले असो वा नसो. बाबा 'सिट' म्हणतात, आई 'खाली बस' म्हणते, आजी 'बस रे राजा' म्हणते आणि मुलगा जेवताना टेबलाखालून पोळीचा तुकडा सरकवतो, तेव्हा तिघांचेही ऐकायचे नाही आणि टेबलाशेजारून हलायचे नाही, हा धडा कुत्रे अचूक गिरवते. शब्द मराठी असावा की इंग्रजी, याला महत्त्व नाही. घरात सर्वांचा एकच असावा, याला आहे. प्रशिक्षकांची तक्रारही याच जागी असते, आणि ती रास्त आहे. त्यांनी बसवलेली घडी त्यांची पाठ वळताच मोडते आणि बोल मात्र त्यांना लागतो.

'अटॅक ट्रेनिंग'विषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण फार्महाउस आणि बंगले असलेल्यांकडून त्याची मागणी होत असते. हुकूम होताच चावणारे कुत्रे घडवायचे तर हुकूम होताच सोडणारेही घडवावे लागते. दुसरी गोष्ट पहिलीहून कितीतरी कठीण असते आणि तिला आयुष्यभर सराव लागतो. पोलीस पथकात तो होतो, घरात होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याबाबत हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कुत्रे शिकवून घेतले होते, हा बचाव तेथे उपयोगी पडण्याऐवजी अंगावर येण्याचीच शक्यता अधिक. घर राखायला भुंकणारे कुत्रे पुरते. धनगराच्या वाड्यावरही बव्हंशी तेच काम असते.

जवळपास कोणीच योग्य माणूस मिळत नसेल, तर चुकीचा माणूस लावण्यापेक्षा न लावणे बरे. सहा-सात गोष्टी घरच्या घरीही साधतात. नाव घेताच वळून पाहणे, हाकेला येणे, तोंडातले सोडणे, साखळी न ओढता चालणे, दारात थांबणे, थोडा वेळ एकटे राहणे आणि कान, दात, पंजे तपासू देणे. दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटे, भुकेच्या वेळेआधी, उकडलेल्या अंड्याचे किंवा चिकनचे बारीक तुकडे हातात घेऊन हे धडे देता येतात. धडा जमेनासा झाला की आवाज चढवण्याऐवजी एक पायरी खाली येऊन सोपे काही करून घ्यावे आणि थांबावे. अडले तेथे नगरच्या किंवा पुण्याच्या जाणत्या प्रशिक्षकाला महिन्यातून एकदा घरी बोलवावे आणि मधल्या काळात मोबाइलवर टिपलेली दोन-तीन मिनिटांची चित्रफीत त्याला दाखवावी. चित्रफीत कुत्र्याच्या पराक्रमाची नसावी. घरच्यांचे हात, त्यांचे शब्द आणि खाऊ देण्याची वेळ त्यात दिसली पाहिजे, कारण चूक बहुधा तेथेच सापडते.